शेवटची फटफटी

दसऱ्याला फटफटीला झेंडूची माळ घालून आम्ही चौघं सीमोल्लंघनाला निघायचो. बाकीचं गाव वेशीबाहेरच्या शमीपर्यंत जायचं. आम्ही थेट वाटूर गाठायचो, तिथं चहा प्यायचा, मग परतूर, आणि तिथून दुसऱ्या वाटेनं संध्याकाळी सोनं वाटायला जालन्यात परत. निजामावरच्या पोलीस ॲक्शनला सहा-सात वर्षं झाली होती. लष्कराच्या लिलावातल्या जुन्या फटफट्या हैदराबादहून आमच्याकडं येऊ लागल्या होत्या, आणि अख्ख्या जुन्या जालन्यात त्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

चौघांतले तिघं एकाच घरचे. एक मारवाडी कापडवाल्याचा मुलगा, आणि दोन त्याचे चुलतभाऊ. चौथा मी, शेतकऱ्याचा. कापडवाल्याचा मुलगा माझा जिवाभावाचा दोस्त. उर्दू शाळेत एका बाकावर बसून आम्ही एकाच मास्तरांचा मार खाल्ला होता. त्याच्या घरी मी स्वयंपाकघरापर्यंत जायचो, आणि त्याची आई मला त्याच्याआधी वाढायची.

माझी फटफटी वडिलांनी खिलार बैलजोडी विकून घेऊन दिली होती. मी दोन दिवस जेवलो नाही म्हणून दिली, हे खरं. त्यानंतर त्यांनी बैलांचं नाव काढलं नाही असा एक दिवस गेला नाही. आज पाऊस आहे, बैल असते तर. आज ऊन आहे, बैल असते तर. त्या फटफटीला काही झालं तर मला घरात तोंड दाखवायची सोय नव्हती.

सफरीचा एक कायदा होता आणि तो माझ्या दोस्तानंच केलेला होता. वाटेत पूल कुठंच नव्हते, सगळे ओढे पाण्यातून ओलांडायचे. ज्यानं ओढा ओलांडला त्यानं पलीकडं वर चढून इंजिन बंद करायचं आणि मागच्याचा आवाज ऐकायचा. मागचा वर आला की मगच पुढं. आवाज आला नाही तर परत फिरायचं. शेवटी नेहमी मी.

"मागं पक्का माणूस लागतो," तो म्हणायचा. "तू मागं हाईस म्हणून मी बिनघोर चालवून राह्यलो."

माझी छाती फुगायची. माझी गाडी सगळ्यांत जुनी होती, तिचा प्रत्येक चौथा ठोका चुकायचा, हे शेवटी राहण्याचं कारण असू शकतं असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

त्या वर्षी हस्ताचा पाऊस दसऱ्यापर्यंत लांबला. निघतानाच आभाळ भरून आलेलं होतं. घरच्यांनी नको म्हटलं, आम्ही कुठले ऐकतोय! अर्ध्या वाटेत पावसानं गाठलं. डोळे उघडता येईनात. शेतातली काळी माती रस्त्यावर वाहून आली होती. ती चाक आणि मडगार्डच्या मधे असा थर धरते की चाक फिरायचं थांबतं. दर दहा-पंधरा मिनिटांनी उतरून काटकीनं ती उकरून काढावी लागत होती. वाटूरच्या अलीकडच्या ओढ्यापाशी मी पोचलो तेव्हा ते तिघं पलीकडं चढून वळणामागं, बाभळींच्या आड गेले होते.

ओढ्याच्या मधोमध माझं पुढचं चाक जाम झालं. गाडी आडवी पडली, इंजिनात पाणी गेलं, आणि माझा पाय तिच्याखाली अडकला. मांडीएवढं पाणी आणि ते चढत होतं. पाय कसाबसा सोडवला, पण गाडी काही उचलेना. ती वाहून जाऊ नये म्हणून हँडल धरून तसाच उभा राहिलो. ओरडलो. मग ओरडायचं सोडून दिलं, कारण कायदा होता. माझा आवाज बंद झालेला त्यांना कळणारच. आता येतील. या पावसात जरा वेळ लागेल, पण येतील.

आला तो एक शेतकरी, बैल घेऊन घराकडं निघालेला.

"एकलेच हाव का भाऊ?" त्यानं काठावरून विचारलं.

"सोबती आहेत पुढं. येतीलच."

त्यानं पुढच्या रस्त्याकडं पाहिलं आणि बैलांचा नाडा सोडायला लागला. त्या बैलांनी माझी फटफटी वर ओढून काढली. त्याच्या घरी चुलीपाशी प्लग वाळवला, चाकातली माती काढली, आणि दिवस मावळायच्या सुमारास लंगडत घरी आलो. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे बैलं देऊन फटफटी घेतली, अन् फटफटी बैलांनीच वढली," ते म्हणाले.

तेवढ्यात दोस्त आपट्याची पानं घेऊन आला. मला पाहताच त्यानं मिठी मारली. "अरे, पावसात तुझा आवाजच आला न्हाई! आमाला वाटलं तू माघारी गेल्ता. माझा जीव कसा झाल्ता तुला सांगू!" त्याचे डोळे भरले होते. मी सोनं घेतलं आणि उलट त्याचीच समजूत घातली.

पुढच्या उन्हाळ्यात कामानिमित्त वाटूरला गेलो. चहाच्या हाटेलवाल्यानं मला ओळखलं.

"दसऱ्याला तुमच्यासाठी भजे ठुलते मी," तो म्हणाला. "तुमचे दोस्त म्हनले, मागं एकाची गाडी बंद पडली, टाईम लागंल त्याला. मंग लई वाट पाह्यली मी."

वाट त्यानं पाहिली. मी चहा तसाच ठेवून उठलो. घरी येईपर्यंत मीच दोस्ताच्या बाजूनं भांडत होतो. हाटेलवाल्याची काही चूक होत असेल, दुसरं कुणी असेल, दुसरा दसरा असेल. दोस्ताला विचारायची हिंमत झाली नाही. रागापेक्षा मला भीती वाटत होती, हे आज कबूल करतो.

पुन्हा दसरा आला. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. ओढ्यात घोट्याएवढं पाणी. तिघं ओलांडून वळणाआड गेले आणि मी अलीकडच्या काठावर इंजिन बंद केलं. मुद्दाम.

पलीकडं एकामागून एक तिन्ही इंजिनं बंद झाली. कायद्याप्रमाणं. आता ते माझा आवाज ऐकत होते आणि मी त्यांचा. वारा पडलेला होता. बाभळीवरचा होला घुमत होता तो अगदी स्वच्छ ऐकू येत होता. कुणीतरी काही बोललं, कुणीतरी हसलं. मग एक किक बसली, आणि तिच्यावर दुसरी. दोन किक खाल्ल्याशिवाय सुरू न होणारी गाडी आमच्यात एकच होती, माझ्या दोस्ताची. ती वाटूरच्या दिशेनं निघून गेली आणि तिच्यामागं उरलेल्या दोन.

मी तिथं बराच वेळ बसून राहिलो. कशासाठी, माहीत नाही. खरं सांगायचं तर तेव्हासुद्धा मला वाटत होतं की येतील.

संध्याकाळी तो घरी आला. कोरडे कपडे, हातात आपट्याची पानं, वडिलांच्या पाया पडून माझ्याकडं वळला.

"कुठं राह्यलास रे? तुझा आवाजच आला न्हाई!"

"आज पाऊस नव्हता," मी म्हणालो.

त्याच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, फक्त पुढं आलेला हात थांबला. मी हात पुढं केला नाही. दसऱ्याचं सोनं कुणी नाकारलेलं आमच्या घरात कधी घडलं नव्हतं. तो पानं भिंतीतल्या देवळीत ठेवून निघून गेला.

वडील ओसरीवर बसून सगळं पाहत होते. रात्री जेवताना मी ते काय म्हणतात याची वाट पाहत होतो. ते माझ्या ताटात भाकरी वाढत राहिले, आणि त्या दिवशी त्यांनी बैलांचं नाव काढलं नाही.