आमच्या अंगणातला चीड

ताईचे यजमान फौजेत होते. लग्नानंतरचं पहिलं वर्ष तिनं पहाडातल्या क्वार्टरमध्ये काढलं. उन्हाळ्यात ती माहेरी, बुलढाण्याला आली तेव्हा बाबा आणि पाच वर्षांचा मी तिला घ्यायला नांदुऱ्याच्या स्टेशनावर गेलो. ती गाडीतून उतरली ती तेलाचा डबा छातीशी धरूनच. डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली चिडाची, म्हणजे पहाडी पाइनची, दोन रोपं होती, मुळांना तिकडचीच माती. सामान सगळं बाबांकडे दिलं, डबा मात्र बुलढाण्यापर्यंत तिच्या मांडीवर होता.

आईनं रोपं पाहिली आणि म्हणाली, "हे तं सुरूचं झाड व्हय. एवढ्या दूरून आणलं काऊन वं?"

शेजारच्या कंपाउंडमधल्या सुरूची एक काडी ताईनं तोडून आणली आणि हलकेच ओढली. काडी पेरापेरानं सुटत गेली. मग रोपाची एक लांब पात आईच्या हातात दिली. बुडाशी एका बारीक वेष्टनात तीन सुया होत्या, आणि त्यांना पेर नव्हतं. आईनं ती पात बराच वेळ बोटांत फिरवली.

एक रोप नळाजवळ लावलं, दुसरं फाटकाशी मुरमात. जाताना ताईनं बजावलं होतं, पाणी बेतानं घाला. पण लेकीनं आणलेलं झाड तहानेलं राहील या काळजीनं आई नळाजवळच्या रोपाला रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायची. पावसाळ्याआधीच ते पिवळं पडलं. उपटलं तर मुळं काळी झालेली. त्या दिवशी आई जेवली नाही. फाटकाजवळच्याला मग तिनं हातही लावला नाही. नुसती लांबून बघायची. ते वाढलं. गच्चीच्या वर गेलं. उन्हाळ्यात वाळल्या सुयांचा अंगणभर सडा पडायचा, आई कुरकुरत झाडायची आणि मोगऱ्याच्या आळ्यात पसरायची.

पुढं बऱ्याच वर्षांनी भाऊजी निवृत्त झाले आणि ताई कायमची बुलढाण्याला आली. तिचं मन लागेना. दुपारी आमच्याकडे यायची, गप्प बसायची. आई विचारून थकली. एकदा वारा सुटला, झाडातून लांबलचक सूं सूं सुरू झालं आणि ताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिकडे खिडकीत असाच आवाज यायचा," ती म्हणाली.

आई उठली. आतली बाज ओढत आणून तिनं झाडाखाली टाकली. "मंग इथं लेट. चहा मी आणतो."

तो सबंध उन्हाळा दोघी दुपारच्या त्या बाजेवर असायच्या. फार बोलत नसत. मी कॉलेजातून यायचो तेव्हा बहुधा आईला झोप लागलेली असायची आणि ताई तिच्या केसांतल्या सुया वेचत बसलेली.