भाऊराव काकांचा तणमोर

मित्रांनो, आज सकाळी अकोल्याजवळच्या एका गावात ग्रामसभेला गेलो होतो. गावच्या जैवविविधता नोंदवहीत झाडं, गवतं, पाखरं लिहून घेणं चाललं होतं. ई-क्लास, म्हणजे चराईचा माळ, त्याच्या नावावर वहीत काहीच नोंद झाली नाही तर तो पडीक ठरवून सपाट करायचा ठराव तयारच होता.

सत्तरी ओलांडलेले भाऊराव काका उठले. "तणमोर पाखरू लिव बाई. नर गवतावरून उड्या मारे. म्या सोताच्या डोयानं पायला."

"कवा पायला, काका?" ग्रामसेविकेनं विचारलं.

"माया लग्नाच्या वर्षी."

"मंग काकूच पायल्या असतीन तुमी," मागून कुणीतरी म्हणालं. काकाही हसले.

"आता दिसत नाही, ते मले लिहिता येत नाही," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "गवत हाय ना?"

"हाय. कमरेइतकं."

तिनं गवताची नावं एकेक विचारून लिहिली. ठराव पुढच्या सभेवर गेला.

खाली बसता बसता काका म्हणाले, "गवत ठेवा. येईन थो."

यंदा आपल्या अकोला-अमरावतीकडे कुणाला तणमोर दिसला का? खरंच दिसला असेल तरच सांगा. मला काकांना फोन करायचा आहे.