वळणावरचं डबकं

ऑफिसात सगळे तिला ओळंबा म्हणायचे. भिंतीवरची तसबीर केसभर कललेली दिसली की तिचा हात आपोआप तिकडे जायचा, मग ती साहेबांच्या केबिनमधली का असेना. भिंत सरळ आहे का ते बघायच्या गवंड्याच्या ओळंब्यावरून हे नाव थट्टेनेच पडलं होतं, पण तिने ते पदवीसारखं मिरवलं.

रस्त्यांचे आराखडे करणाऱ्या त्या ऑफिसात ती लग्नाआधीच इंजिनीअर म्हणून लागली होती. तेव्हा रस्ते पेन्सिलीने कागदावर उतरायचे. पुढे जुळी मुलं झाली, सासऱ्यांनी अंथरूण धरलं आणि नोकरी सुटली. मुलं आपापले डबे भरून शाळेत जायला लागली, तेव्हा ती परत आली. तोवर ड्रॉइंग बोर्ड अडगळीत गेले होते आणि रस्ते पडद्यावर तयार होत होते, उभे-आडवे फिरवून बघता येतील असे. सगळे तिच्याशी गोड बोलायचे आणि प्रिंट काढायला द्यायचे. त्या गोड बोलण्याचाच तिला जास्त राग यायचा.

शेजारच्या टेबलावर एक तरुण डिझायनर बसायची. कीबोर्डवर तिची बोटं दिसायची नाहीत, म्हणून तिचं नाव बिजली. एकदा या बिजलीने कपाळावर हात मारून घेतला.

"ताई, माझ्या रस्त्यात विहीर पडलीय."

खरंच पडली होती. झोकात येणारा रस्ता एका जागी थेट पाताळात जाऊन लगेच वर येत होता. बिजली हाताने तेवढा भाग उचलायची, पण मॉडेल पुन्हा तयार केलं की विहीर परत हजर.

"वरून माती लोटून काय उपयोग?" ओळंबा खुर्ची सरकवत म्हणाली. "तळ कशावर टेकलाय ते बघू."

दोघींनी जमिनीच्या मोजणीचे बिंदू एकेक करून तपासले. गटाराच्या एका झाकणाची उंची भरायचीच राहिली होती, आणि त्या रिकाम्या जागेचा अर्थ प्रोग्रामने शून्य असा लावला होता.

"शून्य म्हणजे समुद्रसपाटी ना?" बिजलीने विचारलं.

"तर काय! तुझा रस्ता समुद्राला भेटायला निघाला होता."

तो बिंदू काढला आणि विहीर बुजली. बिजली इतकी हसली की साहेब बाहेर आले. त्या दिवसापासून ओळंबाकडे प्रिंट यायच्या बंद झाल्या आणि बिघडलेले चढ-उतार यायला लागले. बिजलीकडून ती प्रोग्राम शिकली, बिजली तिच्याकडून रस्ता शिकली. दोघींचं मेतकूट जमलं.

मग आलं वळणाचं काम. गावाच्या खालच्या अंगाला एक रस्ता वळत होता आणि वळणाच्या आतल्या बाजूला दुकानांची एक ओळ होती. वर्षानुवर्षं डांबरावर डांबर चढून रस्ता उंच झाला होता आणि दुकानं खड्ड्यात गेली होती. पाऊस पडला की पाणी सरळ आत. नव्या कामाचं यंत्र आलं तेव्हा दुकानदार त्याच्यापुढे फतकल मारून बसले. सगळ्यांत पुढे सलूनवाला. "आधी पाणी कुठे जाणार ते सांगा, मग खणा," एवढंच त्याचं म्हणणं.

काम अडलं आणि आराखडा नव्याने करायला ऑफिसकडे आला. रस्ता खणून खाली घ्यायचा, असा आराखडा बिजलीने केला. प्रोग्रामच्या तपासणीत सगळं हिरवंगार, एकही चूक नाही. दुकानदारांसोबतची बैठक तोंडावर आली होती. साहेब सही करायला बसले आणि ओळंबा म्हणाली, "साहेब, आधी एक थेंब सोडून बघू या का?"

प्रोग्राममध्ये तशी सोय असते. रस्त्यावर कुठेही थेंब सोडायचा, तो उताराने कुठे जातो त्याची रेघ उमटते. तिने चढावर थेंब सोडला. रेघ सुसाट खाली आली, वळणाच्या तोंडाशी पोचली आणि थांबली. गटार चार पावलांवर होतं, पण पुढे जायचं नावच नाही. दुसरा थेंब सोडला, तोही तिथेच. सलूनच्या बरोबर समोर डबकं.

"थोडं खाली घ्या की तेवढं," साहेब म्हणाले.

थोडं खाली घेतलं. डबकं सलूनसमोरून उठून शिंप्याच्या दुकानासमोर जाऊन बसलं. वर घेतलं, तर परत सलूनकडे.

"प्रोग्रामचीच गडबड असेल. हिरवं दाखवतंय ना सगळं?"

"साहेब, पाण्याला हिरवं-लाल कळत नाही. मला उद्यापर्यंत वेळ द्या."

साहेबांनी पेन बंद केलं. तिला वेळ मिळाला, पण एका दिवसाचाच. परत येऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं आणि तिने साहेबांची सही अडवली होती. घरी नवरा म्हणाला, "सगळे बरोबर म्हणतायत, मग तूच का अडून बसलीस?" ती उत्तर शोधत होती तेवढ्यात सासूबाई आतून म्हणाल्या, "बसू दे की. घरात आपल्यापुढे अडून बसते, तेव्हा शेवटी कोण खरं ठरतं?"

सकाळी ऑफिसात तिने जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा घेतला आणि मधोमध दुमडून छपरासारखा टेबलावर धरला.

"हा आपला सरळ रस्ता. मधे पाठ, दोन्हीकडे उतार. बरोबर?"

"बरोबर," बिजली म्हणाली.

"आता वळण येतंय. वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून सगळा रस्ता आतल्या बाजूला झुकायला हवा, म्हणजे बाहेरची बाजू हळूहळू वर उचलायची." ती एक पाख सावकाश उचलू लागली. "खाली होती, वर चालली, आणि..."

तिचा हात तिथेच थांबला. उचललेली बाजू त्या क्षणी टेबलासारखी सपाट होती. ना इकडे उतार, ना तिकडे. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"बिजली, ही सपाट होते त्या जागी रस्त्याचा लांबीतला उतार किती आहे?"

बिजलीची बोटं धावली. "जवळजवळ नाहीच, ताई. चढ तिथेच संपतो."

"सापडलं! रुंदीत सपाट आणि लांबीतही सपाट. मग पाण्याने जायचं कुठे? प्रोग्राम बिचारा दोन्ही उतार वेगवेगळे तपासतो, दोन्ही नियमात बसतात. दोघे एकाच जागी झोपलेत, हे त्याला कोण सांगणार?"

उपाय सोपा होता. रस्त्याची बाजू उचलायची ती अलीकडे, चढावरच; म्हणजे रुंदीतला उतार हरवला तरी लांबीतला पाण्याला हात धरून पुढे नेईल. बिजलीने आकडे बदलले, मॉडेल पुन्हा तयार केलं, आणि सगळं होतं तसं. आकडे आपल्या मूळ जागी परत गेले होते. ओळंबाने तेच आकडे पुन्हा भरायला घेतले.

"थांबा, ताई. आता माझी पाळी," बिजली म्हणाली. "हे आकडे प्रोग्राम स्वतः वळणावरून काढतो. आपण आकडा पुसला की तो परत लिहितो. नियमच बदलायला हवा."

तिने नियम बदलला. मॉडेल एकदा तयार केलं, मुद्दाम पुन्हा केलं. आकडे ढिम्म हलले नाहीत. ओळंबाने थेंब सोडला. रेघ चढावरून आली, वळणाशी जराशी कलली आणि सरळ गटारात. मग दोघींनी रस्ताभर थेंबांचा सडा घातला. एकही मधे थांबला नाही. बिजलीने अशी आरोळी ठोकली की लेखा विभागातले लोक उठून आले. साहेबांनी स्वतः थेंब सोडून पाहिले, खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "बैठकीत तुम्ही दोघी बोला. मी नुसता बसतो."

बैठक दुकानांसमोर उभ्याउभ्याच झाली. सलूनवाला आराखड्याकडे बघायलाही तयार नव्हता. "कागदावर कधीच पाणी साचत नाही, ताई."

"खरंय. परवापर्यंत आमच्या पडद्यावर साचत होतं, तुमच्याच दारात," ती म्हणाली, आणि सगळी हकिगत जशीच्या तशी सांगितली. "रस्ता झाला की टँकर आणा. तुमच्या हाताने पाणी सोडा."

"आणि साचलं तर?"

"तर बादली घेऊन मी उपसायला येईन."

दुकानदार हसले आणि बाजूला झाले.

काम चालू असताना ती रोज साइटवर उभी. "एवढ्या तेवढ्याने काय होतंय, बाई?" असं ठेकेदार म्हणायचा आणि ती उंची पुन्हा मोजायला लावायची. शेवटी तोच आपल्या माणसांना दम द्यायला लागला, "नीट करा रे, ओळंबा येतेय!"

टँकर आला त्या दिवशी दुकानं ओस पडली, सगळे रस्त्यावर. नळी सलूनवाल्याच्या हातात. चढावर त्याने पाणी सोडलं. पाण्याचा लोट खाली आला, वळणाशी पोचला. पाणी थबकलं नाही. अंग चोरून वळल्यासारखं कडेला कललं आणि खळखळत गटारात शिरलं. सलूनवाल्याने आणखी पाणी सोडलं, मग आणखी. सबंध टँकर रिकामा झाला. दुकानांच्या पायऱ्या कोरड्या ठणठणीत.

"जातंय!" तो ओरडला. "अहो, सगळं जातंय!"

टाळ्या, शिट्ट्या, एकच गलका. बिजलीने ओळंबाला मिठी मारली. साहेब मोबाइलवर कुणाला तरी मोठमोठ्याने सांगत होते, "माझ्या ऑफिसातल्या दोघींनी केलंय!" शिंपी चहाची किटली घेऊन आला. ओळंबाने चपला काढून हातात घेतल्या आणि ओल्या डांबरावरून सावकाश चालत चढापर्यंत गेली. तळव्यांना सगळे उतार कळत होते. वर पोचल्यावर ती वळली आणि तशीच, भर रस्त्यात, मोठ्याने हसत खाली धावत आली.