शेडमधले दोन शब्द

पुण्याला नोकरी लागली तेव्हा बाबा मला सोडायला पिंपळगाव राजाच्या स्टँडवर आले होते. गाडी सुरू झाल्यावर खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "लग्नाले नाही आला तरी चालते. मौतीले येत जाय." मी हो म्हणालो. पुढच्या अठरा वर्षांत गावातल्या सात-आठ लग्नांना गेलो. लग्नाची तारीख आधी कळते, रजा टाकता येते. मयतीला एकदाही गेलो नाही.

वर्तमानपत्राच्या डेस्कवर निधनवार्ता माझ्याकडे असत. नाव, वय, अंत्यसंस्कार कुठे, पश्चात कोण. चार ओळी.

गावच्या स्मशानात पत्र्याचं शेड आहे, आत सिमेंटचे बाक. चितेला अग्नी दिला की कवटी फुटेपर्यंत माणसं तिथे बसतात. त्या वेळात कोणीतरी उठून गेलेल्याबद्दल दोन शब्द बोलतो. कोणीच बोललं नाही, तर तो मेलेल्याचा अपमान समजतात. पहिले उठायचे ते बाबा, नेहमी. हे मला फार उशिरा कळलं, त्यांच्याच मयतीत.

त्या दुपारी कोणी उठेना. बाबा बोलले की बाकीचे बोलायचे, अशी सवय पडलेली. शेवटी नजरा माझ्याकडे वळल्या. मुलगा, त्यात पेपरवाला.

मी उभा राहिलो. पूर्ण नाव, वय एकोणऐंशी, व्यवसाय शेती, अल्पशा आजाराने निधन, पश्चात पत्नी, मुलगा, सून, नात. अर्ध्या मिनिटात संपलं.

शेजारचे नामदेवकाका बाकावरूनच म्हणाले, "बापू, हे तं उद्या पेपरात येईनच. माणूस सांग."

मी खाली बसलो. गेल्या अठरा वर्षांतले बाबा मला बहुतेक फोनवरचेच ठाऊक होते: जेवण, पाऊसपाणी, आईचा गुडघा.

मग काकाच उठले. "माह्या मायच्या मौतीत हा इथं उभा राहून काय बोलला, आठवते? म्हणे, बाई भांडखोर होती, मले दोनदा झाडू घेऊन मारायले धावली. पण गल्लीतलं एक बाळंतपण तिच्याबिगर झालं नाही."

शेडमध्ये हसू पसरलं. मागून आवाज आला, "माह्या भावाले तं पत्त्यातला चोर म्हटलं होतं त्यानं!"

"मंग? होताच तो बे!"

एकामागून एक माणसं उठली. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या भांडणावरून ज्याच्याशी बारा वर्षं अबोला होता, त्याच्यासाठीही बाबा बोलले होते म्हणे. बोलायच्या आधी ते मयताच्या घरी जाऊन चौकशी करायचे, खोटं नको म्हणून. यातलं मला काहीच माहीत नव्हतं.

बायका स्मशानात येत नाहीत. घरी परतल्यावर आईने विचारलं, "काय बोलले रे तिथं?" मी काकांचं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अन् तू?"

मी पाणी प्यायला आत गेलो.

आता निरोप आला की निघतो. दोन मयतींना वेळेवर पोचलोही. दोन्ही वेळा शेवटच्या बाकावर गप्प बसलो. गेलेल्यांना मी ओळखत होतो, पण अठरा वर्षांपूर्वीचे.

आपल्याबद्दल कागद न बघता दोन मिनिटं बोलणारं कोणी जिथे असतं, त्याला मी आता घर म्हणतो. पुण्याच्या सोसायटीत मला फ्लॅटच्या नंबरावरून ओळखतात. गावात बाबांचा मुलगा म्हणून ओळखतात, आणि माझ्याबद्दल दोन शब्द बोलायला उठले, तर त्याच्यापुढे नामदेवकाकांनाही थांबावं लागेल.