सातक्कांचा नववा चिंचोका

फळ्यावर कुणी १२ लिहिलं, तर ती संख्या सम की विषम? ‘सम’ म्हणालात ना? सातक्का तुमच्याकडे चष्म्यावरून बघून म्हणाल्या असत्या, “कोण म्हणतं? मोजलंत?”

सातक्का म्हणजे केशवापूरच्या आमच्या मराठी शाळेतल्या गणिताच्या बाई. मी तिथे विज्ञान शिकवत होते. धारवाडहून त्या बसनं येत, मांडीवर चिंचोक्यांचा डबा घेऊन. पोरांना सातांच्या गटांत मोजायला लावत, म्हणून हे नाव.

“ऑटोत पोरं किती?”

“सात!”

“नऊ आली तर?”

“एक ऑटो भरली, दोन खाली उरली.”

“मग लिहा, एक आणि दोन.” झालं सप्तमान पद्धतीतलं १२, म्हणजे आपले नऊ.

“अक्का, आमचा अण्णा दहा बसवतो!”

“मग तुझा अण्णा दशमान. आणि पोलिसांचं गिऱ्हाईक!”

शेवटचा आकडा बघून सम-विषम ठरवलेलं त्यांना खपत नसे. “नोडव्वा, बघ बाई, भरलेल्या प्रत्येक ऑटोत एक जण बिनजोडीचा उरतो. त्याला विसरायचं नाही. सगळे आकडे मिळवा.” एक आणि दोन तीन. बेरीज विषम, म्हणून संख्याही विषम. एम.एस्सी. होऊन मला हे माहीत नव्हतं. मी थक्क झाले होते.

नववीच्या वार्षिक परीक्षेत नेमका हाच प्रश्न आला: सप्तमान पद्धतीतली १२ ही संख्या सम की विषम? पेपर बाहेरून छापून आलेला, उत्तरसूचीही. सूचीत होतं ‘सम’. वर्गातल्या लक्ष्मीनं लिहिलं ‘विषम’, शेजारी नऊ ठिपके काढून चार जोड्यांना गोल केले. सातक्कांनी गुण दिला. त्या एका गुणावर ती पास होत होती. नापास झाली तर वडील शाळा सोडवणार, हे सगळ्या शिक्षकांना ठाऊक होतं.

हेडसरांनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर सांगितलं, “सूचीप्रमाणे गुण कापा.”

सातक्कांनी टेबलावर नऊ चिंचोके ठेवले. “तुम्हीच जोड्या लावा, सर.”

सरांनी चार जोड्या लावल्या. उरलेला चिंचोका उचलला आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकला. “घ्या. झाली सम.”

कुणी हसलंसुद्धा. सातक्का खाली वाकल्या, टोपलीतून तो चिंचोका काढला, पदराला पुसला. “याची शाळा सुटणार आहे, सर,” एवढंच म्हणाल्या.

मग ‘उत्तरसूची बरोबर आहे’ असा कागद फिरला. सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली. अन्यायाविरुद्ध पत्रकं लिहून कोर्ट सर्कलला वाटणारी मी! माझी नोकरी कायम व्हायची होती. अजून ती सही आठवली की वाटतं, हा हात माझा नव्हेच.

सातक्कांनी सही केली नाही. राजीनामा दिला. जाताना डबा माझ्या हातात ठेवला. “तंगी,” धाकट्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाल्या, “मोजून घे.” रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आत नऊच होते. लक्ष्मी जूनमध्ये आली नाही. मी तिच्या घरी गेले, तर दाराला कुलूप.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. घरातल्या मुलाचा तपासलेला पेपर आज काढा. लाल फुली मारलेलं एक उत्तर निवडा आणि त्याला विचारा, “हे कसं काढलंस?” मग स्वतः मोजा. ते बरोबर निघालं, तर उद्या पेपर घेऊन शाळेत जा. आणि कुणी सहीसाठी कागद पुढे केला, तर आधी जोड्या लावून बघा.