समासातली पेन्सिल

बावड्याहून फोन आला तेव्हा मी पाळीपत्रक छापत होते. कालव्याचं पाणी कोणत्या गावाला कधी, याचा तो तक्ता. तात्या गेले, एवढंच ऐकू आलं… प्रिंटर मात्र करकरतच राहिला. मला त्याचा संताप आला. तीन आठवडे झाले, अजून येतो.

तात्या आमच्या पाणीवापर संस्थेचे टंकलेखक. मी बारामतीत कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेली, त्यामुळे नाक कायम वर. तात्या तक्त्याचा कच्चा मसुदा अर्धा कागद समास सोडून टाइप करायचे आणि सुतळीनं पेन्सिल बांधून दाराशी टांगायचे. सचिव, कारकून, गेट उघडणारे पाटकरी, येईल तो त्यावर दुरुस्त्या लिहायचा. खाडाखोड, चहाचे डाग… मला शिसारी यायची. अध्यक्षांच्या मागे लागून मी ती पद्धत बंद पाडली. तात्या एवढंच म्हणाले, "पोरी, छापल्याला कागद बघितला की मानूस गप ऱ्हातो." मी हसले. काय अक्कल होती माझी!

माझा पहिला छापील तक्ता दाराशी लागला. सुबक, कडेपर्यंत भरलेला. कुणी चकार शब्द काढला नाही, म्हणून मी खूश. चौथ्या दिवशी भर उन्हात तात्या सायकल दामटत आले, मागे अंकुशराव पाटकरी. निरवांगी गावाची ओळच माझ्याकडून गळली होती. दुपारी दोनला गेट बंद होणार, आणि तिथला गहू ओंबीवर आलेला. हे पाणी चुकलं तर पीक गेलंच. चूक माझी, आणि वर मीच अंकुशरावांवर खेकसले, तुम्हाला दिसलं नाही का?

"दिसलं व्हतं की. पर कंप्युटरनं काडलंय, आमी कुठं लिवायचं?"

तात्यांनी छापील तक्त्यावरच पेन्सिलीनं ओळ घातली, सचिवांची सही घेतली आणि दोघं गेटकडे निघाले. मी घड्याळाकडे बघत बसले. दोन वाजले… अडीच… तीनच्या सुमाराला तात्या परतले. चपला चिखलानं भरलेल्या. पाणी वळलं होतं. मी ढसाढसा रडले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, तुझ्या यंत्रात समास सोडता येतो का? तेव्हापासून मसुदा कॉम्प्युटरवर, पण अर्धा कागद कोरा.

परवा त्यांच्या शोकठरावाचा मसुदा मी तसाच दाराशी टांगला. लिहिलं होतं, 'संस्थेचे कुशल टंकलेखक'. सकाळी बघते तर ते शब्द खोडलेले, आणि समासात अंकुशरावांचं वाकडंतिकडं अक्षर: 'आमाला इचारायचे, आसं लिवा.'

मी तसंच छापलं.