आर्णीजवळ पोचलो

उमरखेडले दिलेली माही मोठी बहीण सकाळी गेली. भाच्याचा फोन आला, "मामा, आई गेली." मले रडू नाई आलं. आमच्यात लेक गेली का माहेरची साडी अंगावर टाकल्याशिवाय तिले उचलत नाई, आणि माहेरचा सख्खा म्हणून आता मी एकटाच उरलो, तेवढं आठवलं.

यवतमाळच्या बाजारात दुकानासमोर गाडी लावली. नो पार्किंगची पाटी होती. वाचली बी. दहा मिनिटाचं काम, कोण पाह्यते! भाऊजी हायेत म्हणून हिरवी साडी घेतली. दुकानदार म्हणे, "फॉल लावून देऊ का?" मी नको म्हटलं.

बाहेर येतो तं पुढच्या चाकाले जॅमर. काचेवर चिठ्ठी, चिठ्ठीवर फोन नंबर. लावला फोन. चावीवाला दुसऱ्या चौकात गेलता, तिथंच थांबा म्हणे. थांबलो. गाडी राहू द्यावं न् एसटीनं निघावं, हे लहान लेकराले बी सुचलं असतं. माह्या डोक्याचा पार धोंडा झालता. बहीण मेली, जरा लवकर या, एवढं बी तोंडातून नाई निघालं.

भाच्याचा फोन आला. "मामा, कुठपर्यंत आले?"

आता आपल्याकडची रीत तुमाले माहीत हाय. माणूस अंगावर पाणी घेत असला तरी "निघालो" म्हणते, न् निघाला का "पोचलोच" म्हणते. मी म्हटलं, "आर्णीजवळ पोचलो बेटा." आर्णी म्हणजे यवतमाळहून तासभर पुढं, उमरखेडच्या वाटेवर. आपोआपच निघालं.

लगेच चुलतभावाचा फोन. तो यवतमाळहूनच निघून राह्यला होता. "दादा, गाडीत एक जागा हाय, कुठं हा तुमी?" याले यवतमाळ सांगावं तं भाच्याले आर्णी सांगून बसलो. दोघं एकाच अंगणात भेटणार. त्याले बी आर्णीच सांगतलं. "मंग तं तुमी पुढंच हा," म्हणे. झालं! त्यानंतर फोन वाजत राह्यला, मी उचलला नाई. काय सांगणार होतो, आर्णीच्या पुढचं महागाव?

चावीवाला कधीतरी आला. पावती फाडली, जॅमर काढला. "काका, पाटी पाहत जा," म्हणे. मी हो म्हटलं.

उमरखेडले पोचलो तवा अंगण धुवून झालतं. माणसं आंघोळी करून बसली होती. भाच्याचं डोकं भादरलेलं. मी साडीची पिशवी हातात घेऊन उभा. त्यानं पाणी आणून देलं, जवळ बसला. आवाज बी नाई चढवला पोरानं.

"मामा, आर्णीहून सव्वा तासाचा रस्ता. अडीच तास थांबलो. मंग म्हातारे म्हणाले, मामा काही येत नाई, उचला. यवतमाळले अडकलो म्हटलं असतं ना, तं दिवस मावळेपर्यंत म्या कोणाले हात लावू देला नसता."

"साडी?" मी इचारलं.

"शेजारच्या काकूनं टाकली. म्हणे, आज मीच तिचं माहेर."

"बरं झालं," मी म्हटलं.